मातीचे मुद्दल: आगाशीच्या वाड्या आणि आपला व्यापार

व्यापाराचा एक साधा नियम आहे. नफा खावा, मुद्दल खाऊ नये. जो दुकानदार गल्ल्यातून घरखर्च उचलतो आणि माल भरण्याचे पैसेही त्यातच उडवतो, त्याचे दुकान वर्षभर भरलेले दिसते. पुढच्या वर्षी फळ्या रिकाम्या दिसू लागतात आणि त्यानंतर उधारीवाले दारात उभे राहतात. गल्ल्याच्या बाबतीत हा नियम आपल्याला तोंडपाठ असतो. परंतु जो माल शेतातून येतो, मग ती बागवानाची केळी असोत, तांबोळ्याचे पान असो, हारवाल्याचा मोगरा असो की भाजीवाल्याची वांगी, त्या मालाचे खरे मुद्दल आपल्या गल्ल्यात नसते. ते मातीत असते. ती माती आपल्या नावावर नाही, म्हणून तिच्या तोट्याची नोंद आपल्या वहीत होत नाही. तोटा मात्र आपल्यापर्यंत पोहोचतोच. आधी माल बारीक येतो, मग कमी येतो आणि शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून ट्रकने मागवावा लागतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यातले आगाशी हे गाव चांगले उदाहरण आहे. विरार स्थानकाच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवरचे हे गाव. उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला समुद्र. सोळाव्या शतकात हे जहाजबांधणीचे आणि व्यापाराचे नावाजलेले बंदर होते. बंदर गेले, पण गावाचे नाव बाजारात टिकले ते वाड्यांमुळे आणि त्यातही सुकेळ्यांमुळे.

सुकेळी: एका गावाचा माल

सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी. घड पिकवून, केळी सोलून, तट्ट्यांवर मांडून काही दिवस उन्ह देतात. रात्री दवापासून झाकतात, वेळोवेळी उलटतात आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानांत बांधून विक्रीस काढतात. साखर नाही, रंग नाही, औषध नाही. गोडी केळ्याचीच असते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही आगाशीच्या सुक्या केळ्यांची दखल घेतली होती. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा माल गावाच्या नावाने ओळखला जात होता. आजच्या भाषेत ज्याला ब्रँड म्हणतात, तो आगाशीकडे जाहिरातीशिवाय होता.

या धंद्याची एक खोच व्यापाऱ्याने लक्षात घ्यावी. केळे जाड असो वा बारीक, सोलण्याची, मांडण्याची, उलटण्याची आणि बांधण्याची मजुरी तेवढीच पडते. केळ्यात गर आणि साखर भरपूर असेल तर त्याच मजुरीत वजनदार, चकचकीत सुकेळे हाती येते. केळे किडकिडीत असेल तर हाती चामट तुकडा येतो आणि मजुरी अंगावर पडते. म्हणून सुकेळ्यांचा धंदा हा मुळात चांगल्या राजेळीचा धंदा आहे आणि चांगली राजेळी हा चांगल्या मातीचा व गोड्या पाण्याचा धंदा आहे. आजही काही कुटुंबे सुकेळी करतात. पण पूर्वी जो माल गावात सहज दिसे, तो आता चौकशी करून मिळवावा लागतो. यामागे मजुरी, जमिनींचे भाव, तरुणांच्या नोकऱ्या अशी अनेक कारणे आहेत. माती आणि पाणी हे त्यांतले असे कारण आहे, ज्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

जुनी व्यवस्था कशी चालत होती

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील माती रेताड आणि भुसभुशीत आहे. अशा मातीत पाणी लवकर मुरते आणि लवकर निघूनही जाते. तिच्यात अन्नद्रव्ये फार काळ थांबत नाहीत. तरीही या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली, फुले आणि भाजी पिकवली, त्याला दोन आधार होते.

पहिला आधार शेणखताचा आणि पालापाचोळ्याचा. केळीचे खांब, सुकी पाने, गुरांच्या गोठ्यातील कचरा सारे वाडीतच जिरे. दुसरा आधार बावखलांचा. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना पुरे. पाणी उपसायला रहाट होता आणि तो जनावराच्या बळावर फिरे. जनावर थकले की उपसा थांबे. हा अडथळा वाटे, पण तोच जमिनीचा पहारेकरी होता. जेवढे पाणी आभाळातून येई, त्यापेक्षा फार जास्त पाणी जमिनीतून निघतच नसे.

खारे पाणी वर कसे चढते

समुद्रकाठच्या जमिनीखाली दोन प्रकारचे पाणी असते. वर पावसाचे गोडे पाणी आणि खाली समुद्रातून झिरपलेले खारे पाणी. गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी युरोपातील अभियंत्यांनी याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. आता हेच गणित उलटे वाचा. उपशामुळे वरची पातळी १ फुटाने कायमची घटली, तर खालून खारे पाणी सुमारे ४० फूट वर येऊ शकते. प्रत्यक्ष जमिनीत थरांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. पण दिशा हीच राहते. विहिरीचे पाणी हातभर खाली गेले एवढेच शेतकऱ्याला दिसते. खाली काय घडले ते दिसत नाही.

रहाटाच्या जागी इंजिन आणि विजेचा पंप आला तेव्हा हा पहारा उठला. त्यानंतर नालासोपारा, विरार, वसई रोड या भागांत इमारती उभ्या राहू लागल्या. १९९० साली शासनाने या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवले. घरे झपाट्याने झाली, पण नळाचे पाणी तेवढ्या झपाट्याने आले नाही. ती तूट टँकरने भरून काढली आणि टँकर भरले गेले पश्चिमेच्या गावांमधील विहिरींवर. शेतकऱ्याला केळीपेक्षा पाणी विकण्यात रोख पैसा दिसू लागला. मुद्दल विकून नफा दाखवण्याचा याहून स्पष्ट दाखला शोधून सापडणार नाही. एकाने विहीर विकली, तरी तिच्या खालचे पाणी शेजारच्या चार वाड्यांचेही होते. पुढे पट्ट्यातील कितीतरी विहिरी मचूळ झाल्या, काही खाऱ्या झाल्या.

याविरुद्ध लोक गप्प बसले असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने वसईचा हिरवा पट्टा आणि पाणी वाचवण्यासाठी दीर्घ चळवळ चालवली. दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या चळवळीत सर्व समाजांचे लोक होते. पाणी आणि माती हा कोण्या एका समाजाचा प्रश्न नाही, हे त्यातून दिसले.

एका गुंठ्यावर किती मीठ?

आता थोडा वहीतला हिशेब करू. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीच्या ९७ तांबे गोड्या पाण्यात समुद्राचे फक्त ३ तांबे मिसळले, की दर लिटरमागे साधारण १ ग्रॅम क्षार वाढले. एवढे पाणी जिभेला थोडे मचूळ लागते, इतकेच. पुष्कळजण ते पितातही.

केळीला किंवा पानवेलीला वर्षभरात मिळून १ मीटर उंचीएवढे पाणी दिले असे धरू. एका गुंठ्यावर हे पाणी सुमारे १ लाख लिटर होते. दर लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने त्या गुंठ्यावर एका वर्षात १०० किलो मीठ पडले. म्हणजे ५० किलोच्या २ गोण्या. ४० गुंठ्यांच्या एका एकरावर ८० गोण्या, ४ टन. कोणी शेतकऱ्याच्या वाडीत मिठाचा ट्रक रिता केला असता तर तो काठी घेऊन धावला असता. हाच ट्रक पाइपातून, दररोज थोडाथोडा, त्याच्याच पंपाने आणि त्याच्याच वीजबिलावर येतो.

झाड पाणी पिते, मीठ मागे राहते. उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि मातीच्या वर पांढरी खपली दिसू लागते. मुळांभोवती क्षार वाढले की ओल असूनही झाडाला पाणी ओढून घेता येत नाही. केळीच्या पानांच्या कडा करपतात, घड लहान होतो, फळ भरत नाही. केळी खाऱ्या पाण्याला फार नाजूक आहेत. पानवेलीही तशीच. नारळ आणि चिकू त्यामानाने जास्त सोसतात. म्हणून एखाद्या वाडीत केळी जाऊन केवळ नारळ उरले, तर त्यामागे आवड नसून पाणी असण्याची शक्यता मोठी असते.

पाऊस कर्ज माफ करतो, पण वाट मोकळी हवी

इथे वाचक विचारेल की दरवर्षी ८० गोण्या मीठ पडत असेल तर एवढ्यात सारी जमीन मिठागर व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचे श्रेय पावसाला आहे. वसईच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रेताड मातीतून हे गोडे पाणी खाली झिरपते आणि उन्हाळ्यात साचलेले क्षार धुऊन नेते. दरवर्षी चार महिने जणू जमिनीचे कर्ज माफ होते. मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील काळ्या जमिनीला ही सवलत मिळत नाही.

परंतु या माफीला एक अट आहे. धुतलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी आणि जमिनीत गोडे पाणी साठायला जागा हवी. वाट म्हणजे ओढे, नाले, खाडीकडे जाणाऱ्या पन्हळी. जागा म्हणजे बावखले. नेमक्या याच दोन गोष्टींवर गेल्या काही दशकांत भराव पडला. बावखल म्हणजे पडीक खड्डा समजून त्यात इमारतीचा राडारोडा आणि कचरा टाकला गेला. नाल्यांवर बांधकामे झाली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी दिवसेंदिवस साचून राहिले, तेव्हा शहराने घरांचे आणि दुकानांचे नुकसान मोजले. साचलेल्या पाण्याखाली जमिनीचे काय होते, ते मात्र कोणी मोजत नाही. मातीतली हवा कोंडते, मुळे कुजतात आणि क्षार धुऊन जाण्याऐवजी तिथेच मुरतात.

म्हणून राडारोड्याचा ट्रक आणि खारी विहीर या वेगळ्या गोष्टी नाहीत. भरावामुळे पुराचे पाणी वर येते आणि गोड्या पाण्याचा साठा कमी होतो. साठा कमी झाला की खारे पाणी सरकते. खारे पाणी वाडीला दिले की माती जाते. ही एकच साखळी आहे.

खाद्य न देता दूध काढणे

मातीचा दुसरा आजार उपासमारीचा आहे. गुरे कमी झाली, शेणखत महागले, केळीचे खांब आणि पाला वाडीत जिरवण्याऐवजी जाळला किंवा रस्त्यावर टाकला जाऊ लागला. त्याच्या जागी युरियाची गोणी आली. युरिया वाईट नाही. त्यात ४६ टक्के नत्र असते आणि पीक लगेच हिरवे दिसते. पण केळीला नत्रापेक्षा पालाश जास्त लागतो आणि मातीला स्वतःला सेंद्रिय कर्ब लागतो. तो कर्बच ओल धरतो, तोच रेताड मातीत अन्न थांबवतो आणि त्याच्यावरच मातीतले सूक्ष्म जीव जगतात. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो कमी समजतात, ०.७५ टक्क्यांहून अधिक असेल तर चांगला. पाव टक्क्याच्या या फरकावर वाडीचे भवितव्य ठरते.

आणखी एक बारकावा. खाऱ्या जमिनीत पालाश द्यायचा तर म्युरेट ऑफ पोटॅश टाळावे, कारण त्यात क्लोराइड असते, जे मिठातही असते. सल्फेटच्या रूपातील पालाश महाग पडतो, पण अशा जमिनीत तोच योग्य.

तिसरा आजार म्हणजे मातीची थेट विक्री. वरची सुपीक माती भरावासाठी किंवा विटांसाठी काढून दिली जाते. एक इंच सुपीक माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ट्रकमध्ये भरायला एक दुपार पुरते.

हे जगात पूर्वीही घडले आहे

जमीन खारी होणे हा आजचा रोग नाही. दजला आणि फुरात या नद्यांच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, कालव्यांच्या पाण्यावर मोठी शेती उभी राहिली होती. संशोधकांनी जुन्या नोंदींवरून दाखवले की इ.स.पूर्व ३५०० च्या सुमारास तिथे गहू आणि जव जवळजवळ सारख्या प्रमाणात पिकत होते. पुढे जमीन खारी होत गेली. गव्हाला खार सोसत नाही, जवाला सोसतो. गहू मागे हटत गेला आणि इ.स.पूर्व १७०० च्या सुमारास त्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. आज आपल्या पट्ट्यात केळी जाऊन नारळ उरणे ही त्याच प्रकारची खूण आहे.

आपल्या राज्यातही दाखले आहेत. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत उसाला अति पाणी दिल्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकले, खारे पाणी बाहेर काढले आणि पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या. खर्च मोठा होता, तो एकट्याला झेपणारा नव्हता. सारे एकत्र आले म्हणून जमले. देशाचा विचार केला तर इस्रोने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये भारताच्या भूभागापैकी २९.७७ टक्के, म्हणजे सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन कोणत्या ना कोणत्या प्रकारे नापीक होत होती.

बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल शहरी इब्नुल अव्वाम नावाचे शेतीतज्ज्ञ होऊन गेले. त्यांच्या अरबी ग्रंथात शेकडो वनस्पतींची माहिती आहे. पण त्यांनी सुरुवात पिकांपासून केली नाही. आधी मातीचे प्रकार, मग खते, मग पाण्याचे प्रकार आणि त्यानंतर झाडे. आठशे वर्षांपूर्वी लावलेला हा क्रम आजही बरोबर आहे. आपण मात्र बाजारभावापासून सुरुवात करतो.

यात आपला हात किती?

हा लेख शेतकऱ्यांच्या पानावर न छापता व्यापाराच्या पानावर का, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर कडू आहे. टँकर, वाळू, भराव, विटा आणि जमिनीची दलाली या धंद्यांत सर्व जाती-धर्मांची माणसे आहेत आणि त्यांत आपलीही माणसे आहेत. दुसऱ्या बाजूला केळी, पान, फूल, भाजी आणि फळे यांच्या व्यापारावरही आपल्यातील हजारो घरे चालतात. म्हणजे एका भावाचा टँकर दुसऱ्या भावाच्या हातगाडीवरचा माल कमी करतो. एकाच घरात हे दोन्ही धंदे असू शकतात. टँकरचा पैसा आज दिसतो, हातगाडीचा तोटा दहा वर्षांनी दिसतो, म्हणून वाद होत नाही.

बाग उक्ती घेण्याच्या पद्धतीतही दोष आहे. व्यापारी उचल देतो आणि एका हंगामासाठी बाग घेतो. एका हंगामाचा मालक जमिनीचा विचार का करील? तो जास्तीत जास्त माल काढतो आणि पुढच्या वर्षी दुसरी बाग शोधतो. शेतकरीही उचल फेडायच्या घाईत पाणी आणि युरिया वाढवतो. दोघांनाही वाटते की आपण व्यवहार चोख केला. दरवर्षी फक्त ५ टक्के घट धरली, तरी १० वर्षांनी १०० घडांच्या जागी ६० घड उरतात. दुकानातील वजनकाट्याचा आणि टेम्पोचा घसारा आपण वहीत लिहितो. ज्या मातीवर सारा धंदा उभा आहे, तिचा घसारा कोणीच लिहीत नाही.

व्यापाऱ्याने काय करावे

पहिली गोष्ट, पाणी आणि माती तपासल्याशिवाय बाग घेऊ नये. सोने घेताना आपण कस पाहतो. मग वाडी घेताना का नाही? केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. या पत्रिकेत १२ गोष्टी असतात. व्यापाऱ्याने त्यांपैकी तीन वाचायला शिकावे. सामू ६.५ ते ७.५ च्या आसपास असावा, ८.५ च्या वर गेला तर जमीन चोपण होत आहे. क्षारतेचा आकडा १ पेक्षा कमी असेल तर ठीक, १ ते २ असेल तर बियाणे उगवायला त्रास, २ च्या वर असेल तर केळीसारखी नाजूक पिके धोक्यात. सेंद्रिय कर्बाचे वर सांगितलेच आहे. पाण्याचे क्षार मोजायचे खिशात मावणारे यंत्रही बाजारात मिळते. जानेवारीत आणि मे महिन्यात एकेकदा विहीर मोजली की ती कुठे चालली आहे ते कळते.

नमुना घ्यायची रीत सोपी आहे. वाडीत नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या बाजूची माती घ्यावी. खताच्या ढिगाजवळची, झाडाच्या अगदी बुंध्याची किंवा बांधावरची घेऊ नये. सारी एकत्र मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन भाग टाकत जावे आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. कृषी खात्याच्या तालुका कार्यालयात याची माहिती मिळते. पालघर जिल्ह्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि खाऱ्या जमिनीच्या अभ्यासासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. खार सोसणाऱ्या भाताच्या जाती त्याच केंद्राने दिल्या.

दुसरी गोष्ट, बाग एका हंगामाऐवजी तीन वर्षांसाठी घ्यावी आणि करारात मातीचा वाटा लिहावा. उचलीतील ठराविक रक्कम शेणखत, ताग किंवा धैंचा गाडणे आणि बावखल उपसणे यांसाठीच वापरायची, अशी अट घालावी. धैंचा खाऱ्या जमिनीतही तग धरतो, हे त्याचे विशेष. जिप्सम टाकावे का, हे मात्र तपासणी पाहूनच ठरवावे. चोपण जमिनीत ते उपयोगी पडते. नुसत्या खारट जमिनीला गोड्या पाण्याने धुणे आणि पाण्याचा निचरा हाच इलाज आहे. तिथे जिप्समचे पैसे वाया जातात.

तिसरी गोष्ट, बाजारातून निघणारा कचरा मातीला परत द्यावा. फळांच्या दुकानातील सडका माल, केळीचे दांडे, हारवाल्यांची शिळी फुले यात वाडीतून आलेले अन्नच असते. प्लॅस्टिक आणि दोरे वेगळे केले की त्याचे उत्तम खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत यासाठी सोयीची आहे. भोके ठेवून विटांचे १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाके बांधायचे आणि त्यात कचरा, शेण व माती यांचे थर द्यायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. दहा दुकानदारांनी एकत्र येऊन असे टाके चालवले, तर कचरा उचलण्याचा खर्च वाचेल आणि खत विकून वर काही उरेलही. मांसाच्या व्यवसायातील मंडळींनी वाफवलेल्या हाडांच्या खताकडे पाहावे. त्यात स्फुरद भरपूर असते. डोंगराकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला ते चांगले मानवते. किनाऱ्याच्या चुनखडीच्या वाळूत कमी. गिऱ्हाईक निवडताना हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट वीटभट्टीवाल्यांसाठी. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात विटांसाठी सुपीक मातीऐवजी राखेचा वापर सक्तीचा करण्यास सुरुवात केली. राखेच्या विटांचा धंदा हा पुढच्या काळाचा धंदा आहे. जिल्ह्यात डहाणूला औष्णिक केंद्र आहे. जो आज वळेल, तो उद्या कायद्याच्या आणि मालाच्या अशा दोन्ही अडचणींतून सुटेल.

पाचवी गोष्ट टँकरवाल्यांसाठी. विहीर खारी झाली की टँकरचा धंदाही संपतो. शेतकऱ्याच्या आधी तुमचे गिऱ्हाईक जाईल, कारण मचूळ पाणी सोसायटी घेत नाही. वसई-विरारला आता सूर्या प्रकल्पाचे पाणी येते. किनाऱ्याच्या विहिरींवरचा भार कमी करण्याची संधी आहे. बांधकामाला सांडपाणी शुद्ध करून मिळणारे पाणी पुरवणे हाही टँकरचाच धंदा आहे.

नाव टिकले तर भाव टिकेल

याच जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे बहाडोलीच्या जांभळालाही मिळाले. गावाच्या नावाला बाजारात किंमत आहे, हे यातून सिद्ध झाले. आगाशीच्या सुकेळ्यांच्या नावाला तर १८८२ पासूनचा छापील दाखला आहे. पण मानांकनाचा कागद कितीही सुंदर असला तरी त्याखाली माल हवा, मालाखाली राजेळी हवी आणि राजेळीखाली गोडी माती हवी. बाहेरगावची केळी आणून आगाशीचे नाव लावले, तर गिऱ्हाईक एकदा फसेल, दुसऱ्यांदा येणार नाही.

पूर्वी चांगला सावकारसुद्धा कुळाची बैलजोडी लिलावात काढत नसे, कारण बैल गेले की कर्ज फिटण्याची आशाही जात असे. आज ती बैलजोडी म्हणजे माती आणि विहीर. पुढच्या हंगामात आपण बाग घ्यायला जाल, तेव्हा घड मोजण्यापूर्वी विहिरीचे पाणी जिभेवर ठेवून पाहा, मूठभर माती हातात घ्या आणि शेतकऱ्याला विचारा, “गेल्या वर्षी हिला परत काय दिलेत?” तो काय सांगतो, त्यावर भाव ठरवा. ज्याने मातीला परत दिले, त्याला चार पैसे जास्त द्या. तो खर्च नाही. आपल्याच मुद्दलाची राखण आहे.